न गळणारी कुंडी

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते विचारू नका, कारण तेव्हाची माणसं वर्षं मोजत बसत नसत. त्यांना दुसरी पुष्कळ कामं होती. एका उंच, उघड्या माळावर एक लहानसं राज्य होतं. इतकं लहान, की राजा सकाळी घोड्यावर बसून सीमेला फेरी मारायला निघाला, तर दुपारच्या जेवणाला घरी परत येई.

त्या माळावर सगळं होतं, फक्त पाणी नव्हतं. पाऊस यायचा, पण रुसलेल्या जावयासारखा. दारातून डोकवायचा आणि पाट मांडेपर्यंत निघून जायचा. त्यामुळे तिथल्या लोकांच्या लेखी पाण्याहून मोठं काहीच नव्हतं. कोणाचा सत्कार करायचा तर ते हार घालत नसत, पाणी देत. कोणाच्या घरी पहिल्यांदा जायचं, तर आपल्या रांजणातलं पळीभर पाणी बरोबर न्यायचं आणि त्यांच्या रांजणात ओतायचं. याला ते पाण्याचा मान म्हणत. पाणी चोरणाऱ्याला मात्र क्षमा नव्हती. पाणीचोर ठरलेल्या माणसाला गावात कोणी पळीभरसुद्धा पाणी देत नसे. आणि ज्याच्या पोटात काही राहत नाही अशा माणसाला तिथे गळका म्हणत. याहून वाईट शिवी त्यांना ठाऊक नव्हती.

आता अशा गावात सगळ्यात मानाचा माणूस कोण असेल? राजा, असं तुम्ही म्हणाल. राजाचा नंबर दुसरा. पहिला होता सटवाजी कुंभार.

सटवाजीच्या हातचं मडकं गळत नसे. तीन वेळा फडक्यातून गाळलेली माती, थापीनं थापथापून बसवलेलं अंग, गोट्यानं घोटून केलेली चकाकी आणि आतून लाखेचा हात. त्याच्या रांजणात सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळी तेवढंच असे. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक भांड्यावर तो बोटाचं पेर वाजवी, आणि नुसत्या आवाजावरून त्याच्या पोटातलं सगळं सांगे. “सात पिढ्या झाल्या, आमच्या घरचं मडकं पाझरलं न्हाई,” हे वाक्य तो दिवसातून एकदा तरी म्हणेच. त्याची बायको कोंडाबाई म्हणायची, “व्हय, आन् सात पिढ्या हेच ऐकतोय आम्ही.”

तर झालं काय, राजाचं लग्न झालं. राणी आली ती दूरच्या डोंगरातून, जिथे पाऊस चार महिने घराबाहेर पडू देत नाही तिथून. तिनं दागिने फार आणले नाहीत. आणलं एक झाड. बांबूच्या करंडीत बसवलेलं, गुडघाभर उंचीचं अनंताचं झाड. त्याची पानं हिरवीगार आणि तेल लावल्यासारखी चकचकीत. ती बाराही महिने तशीच राहतात, असं राणीबरोबर आलेल्या माणसांनी सांगितलं. झाडावर तीन कळ्याही होत्या.

“हे माझ्या आईनं लावलंय,” राणी राजाला म्हणाली. “आई आता नाही. याला फूल आलं, की वास घरभर होतो आणि मला वाटतं, ती आत कुठेतरी काम करतेय.”

राजा भला माणूस होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण प्रधानाचं लक्ष करंडीच्या बुडाकडे होतं. करंडीतून टप टप पाणी गळत होतं आणि राजवाड्याच्या फरशीवरून वाहत होतं. राणीच्या माहेरचं झाड, आणि गळक्या करंडीत! सगळ्या दरबाराला मान खाली घालावीशी वाटली. ताबडतोब सटवाजीला बोलावणं गेलं.

सटवाजीनं एकवीस दिवस खपून कुंडी केली. काय सांगू तिचा थाट! काठावर वेलबुट्टी, पोटाला लाल तकाकी. दरबारात ती पाण्यानं काठोकाठ भरून दिवसभर एका पांढऱ्या चादरीवर ठेवली. संध्याकाळी चादर उचलली तर कोरडी. राजानं स्वतःच्या हातानं सटवाजीच्या डोक्याला फेटा बांधला. मग कुंडीत शेतातली काळी माती भरली, झाड लावलं आणि राणीच्या महालात पूर्वेच्या खिडकीशी ठेवलं, कारण बाहेरच्या झळांनी ते एका दिवसात होरपळलं असतं. देखभालीला नेमली मैनाबाई. ती राजवाड्यात पाणी भरायची. म्हातारी, एकटी, मोजकं बोलणारी बाई. सटवाजीच्याच आळीत राहायची आणि तो तिला मैनाक्का म्हणायचा.

मग सुरू झाला पाण्याचा मान. झाड म्हणजे राणीच्या माहेरचं माणूस! महालात येणारा प्रत्येक जण त्याला पाणी घालू लागला. राजा रोज सकाळी एक पळी घाली. प्रधान दोन घाली, कारण राजापेक्षा आपली माया कमी दिसायला नको. सेनापतीला लहान काही जमतच नसे, तो लोटाभर ओती. गावातल्या बायका दर्शनाला आल्यासारख्या येत आणि आपल्या घोटातलं पाणी त्या कुंडीत ओतून, समाधानानं घरी जात. स्वतः तहान मारून दुसऱ्याला पाणी देणारी ती माणसं. त्यांना वाईट कसं म्हणायचं?

पंधरा दिवस बरे गेले. मग खालची पानं पिवळी पडली. मग वरची मलूल झाली आणि माना टाकून लोंबू लागली. कोणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, झाडाला तहान लागली आहे.

राजानं राणीला विचारलं, “तुमच्याकडे याला किती पाणी लागायचं?”

“मी कधी घातलंच नाही,” राणी म्हणाली. “चार महिने पाऊस कोसळायचा आणि ते अंगणात भिजत उभं असायचं.”

“ऐकलंत?” प्रधान म्हणाला. “चार महिने अखंड पाणी! आणि आपण पळ्या मोजतोय.” त्या दिवसापासून पाणी दुप्पट झालं, आणि झाड आणखी मलूल झालं.

तेव्हा दरबारात कुजबूज सुरू झाली, की कुंडी गळत असणार.

हे शब्द सटवाजीच्या कानावर गेले आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तो बोलावण्याची वाट न बघताच राजवाड्यात आला. राजा, राणी, प्रधान, सगळे महालात जमले. सटवाजी फरशीवर सरळ आडवा झाला, आपल्या फेट्याचा शेमला सोडला आणि कुंडीचं बूड पुसून काढलं. शेमला कोरडा होता. तो उठला आणि शेमला सगळ्यांसमोर नाचवून दाखवला.

“सात पिढ्या झाल्या, महाराज...” त्यानं सुरुवात केली. बोलता बोलता सवयीनं त्याचा हात कुंडीकडे गेला आणि त्यानं पेर वाजवलं.

थब्ब.

सटवाजीचं वाक्य अर्धंच राहिलं. त्यानं जरा वर वाजवलं. थब्ब. काठाजवळ वाजवलं. तिथेही तेच. ओली माती कशी बोलते हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्याच्या अंगणात माती भिजत घालायचा खड्डा होता. त्या खड्ड्याच्या कडेकडेनं दूर्वा उगवायची, पण आतल्या चिखलात इतक्या वर्षांत गवताची एक काडी उगवली नव्हती. कुंडीच्या आत वरपासून खालपर्यंत तसलाच चिखल होता. झाड तहानलेलं नव्हतं. ते बुडत होतं. करंडीतून निघून जाणाऱ्या पाण्याला आता वाटच नव्हती, आणि ती वाट बंद करणारे हात त्याचेच होते.

हे सगळं त्याला एका क्षणात कळलं. त्यानं बोलायला तोंड उघडलं, एवढ्यात प्रधान म्हणाला, “शाबास सटवाजी! कुंडी थेंबभरसुद्धा गळत नाही. तुझ्या घराण्याचं नाव खरं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. राजाही हसला.

सटवाजीनं उघडलेलं तोंड मिटलं.

“मग आता प्रश्न असा,” प्रधान पुढे म्हणाला, “कुंडी गळत नाही, लोक पाणी घालतात, तरी झाड सुकतं. तर पाणी जातं कुठे? दुपारचं आणि तिन्हीसांजेचं पाणी घालायचं काम कोणाचं?”

सगळ्यांच्या नजरा मैनाबाईकडे वळल्या. ती दाराशी घागर घेऊन उभी होती. तिला आधी कळलंच नाही, की हे आपल्याबद्दल चाललंय. कळलं तेव्हा तिनं घागर खाली ठेवली.

“म्या घालते, सरकार,” ती म्हणाली. “रोज घालते.”

राजाला लगेच न्याय करायचा नव्हता. तो म्हणाला, “पौर्णिमेपर्यंत वाट बघू. झाड सावरलं तर उत्तम. नाहीतर मैनाबाईनं पाणी चोरलं असंच म्हणावं लागेल.”

सटवाजी घरी आला. कोंडाबाईनं ताट वाढलं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसला.

“अवं, भाकरी गार हुतीया. काय झालं?”

“काय न्हाई.”

“काय न्हाई म्हनजे बरंच काय तरी हाय. बोला.”

त्यानं सगळं सांगितलं. कोंडाबाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तितंच का न्हाई बोललात?”

“काय बोलू? सटवाजीच्या कुंडीला भोक पाडा, म्हनू? सात पिढ्यांचं नाव हाय, कोंडे. उद्या गाव मला गळका म्हनंल.”

“गाव तुमास्नी गळका म्हनंल, व्हय. आन् मैनाक्काला काय म्हनंल?”

त्यानं भाकरी तशीच ठेवली आणि हात धुतले.

पुढचे दिवस सटवाजीनं स्वतःला समजावण्यात घालवले. माणूस या कामात फार हुशार असतो. आज ऊन कडक आहे, माती आपोआप वाळेल. झाड परक्या मुलखातलं, त्याला इथली हवाच मानवली नसेल. आणि आवाज ऐकण्यात आपलीच चूक झाली नसेल कशावरून? रोज सकाळी तो नवं कारण शोधी आणि दुपारपर्यंत ते त्याला पुरे. त्या दिवसांत त्याचे तीन रांजण वाकडे निघाले, ते त्यानं कोणाला न दाखवता मोडून टाकले.

शेवटी त्यानं एक आडवाट काढली. एके सकाळी, दरबार भरायच्या आधी, तो महालात गेला. मैनाबाई कुंडीपाशी एकटीच होती. झाडाची निम्मी पानं गळून गेली होती. तिन्ही कळ्या न उमलताच पडल्या होत्या, आणि राणीच्या नजरेला पडू नयेत म्हणून मैनाबाई त्या पदरात गोळा करत होती.

“मैनाक्का,” तो हळूच म्हणाला, “माजं ऐक. जरा पानी कमी घालत जा.”

“कमी?” तिनं वर पाहिलं. “सटवाभाऊ, आधीच समदी मला चोर म्हनत्यात. आन् कमी घालू?”

तेव्हा त्याला तिचे ओठ दिसले. ते फुटले होते, कोपऱ्यात रक्त सुकलं होतं.

“तुला काय हुतंय? आजारी हाईस?”

“न्हाई ओ. माज्या वाटचं प्यायचं पानी, त्यातलं अर्दं बी मी ह्यालाच घालते. त्या दिवसापास्नं. द्येवाला तरी कळू दे, मी चोर न्हाई म्हनून.” आणि तिनं पदराआडून एक लहान तांब्या काढला आणि त्यातलं पाणी, एक थेंब बाहेर पडू न देता, कुंडीत ओतलं.

सटवाजीला त्या म्हातारीच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिथून पळून जावंसंही वाटलं. तो पळालाच, पण या वेळी सुताराच्या घरी. सुताराकडून त्यानं सामता मागून घेतला, लाकडाला भोक पाडतात ना, तो. आणि भरल्या दरबारात जाऊन उभा राहिला. पौर्णिमेला दोन दिवस उरले होते.

“महाराज, कुंडी हितं आनायची परवानगी द्या,” तो म्हणाला. “त्या कुंडीत दोष हाय.”

प्रधान दचकला. “दोष? अरे, तूच तर दाखवलंस, की ती गळत नाही!”

“त्योच दोष हाय तिचा,” सटवाजी म्हणाला.

चार माणसांनी कुंडी उचलून आणली. सटवाजीनं ती पाटावर एका अंगावर कलती केली, बुडाला सामता लावला आणि फिरवायला लागला. एकवीस दिवस खपून घडवलेली ती कुंडी. कर्र कर्र आवाज होत राहिला, तांबडी भुकटी पडत राहिली. मग सामता आत गेला, त्यानं तो उपसून काढला, आणि भोकातून काळं, आंबलेलं पाणी भळाभळा वाहू लागलं. त्याची दुर्गंधी इतकी होती, की सेनापतीनंही नाकाला शेला लावला. पाणी फरशीवरून वाहत पायऱ्यांपर्यंत गेलं. इतकं पाणी वाया जाताना त्या गावानं कधी पाहिलं नव्हतं, आणि काही बायका तोंडावर हात धरून रडू लागल्या.

“हे बगा मैनाक्कानं चोरलेलं पानी,” सटवाजी म्हणाला. “समदं हितंच हुतं. तिनं थेंब बी घेतला न्हाई.”

राजा सिंहासनावरून उतरून खाली आला. त्यानं त्या पाण्याकडे पाहिलं, मैनाबाईकडे पाहिलं आणि तिच्यापुढे हात जोडले. मग सटवाजीला विचारलं, “तुला हे कधी कळलं?”

आता एवढं केलं होतं, तर खरं सांगायला काय हरकत होती? पण माणसाचं मन असं असतं, की सगळी भिंत पाडतं आणि एक वीट मागे ठेवतं.

“आज सकाळी, महाराज,” सटवाजी म्हणाला.

झाड कुंडीतून बाहेर काढलं. सडून काळी पडलेली मुळं सटवाजीनं आणि मैनाबाईनं हलक्या हातानं छाटली. जी पांढरी होती ती तेवढी ठेवली, आणि ती फार थोडी होती. कुंडीच्या बुडाशी फुटक्या खापऱ्या घातल्या. मातीत कोरड्या ओढ्याची वाळू मिसळली, कुजलेला पालापाचोळा मिसळला. कुंडी पुन्हा पूर्वेच्या खिडकीशी ठेवली आणि सटवाजीनं मैनाबाईला पेर वाजवायला शिकवलं.

“टन्न वाजलं, की पानी घालायचं. थब्ब वाजलं, की घालायचं न्हाई. मग राजा आला तरी न्हाई.”

आणि राजा आलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे पळी घेऊन आला. मैनाबाईनं कुंडीवर बोट वाजवलं, कान लावला आणि म्हणाली, “आज नगं, सरकार.” राजा पळी घेऊन आला तसा परत गेला. प्रधानाला मात्र हा अपमान वाटला. गावातल्या बायकाही रुसल्या. आमचं पाणी नको म्हणजे काय? मैनाबाईनं त्यांना राजवाड्याच्या दाराशी एक रांजण दाखवला आणि तिथे पाणी ओतायला सांगितलं, वाटसरूंसाठी. खरं सांगायचं तर, झाडाची देखभाल सोपी होती. लोकांच्या मायेपासून त्याला वाचवणं, हेच मोठं काम होतं.

महिना गेला, झाडावर काही बदल दिसला नाही. चार पानं उरली होती, ती तशीच राहिली. राणी रोज येऊन त्याच्याजवळ बसायची. दुसऱ्या महिन्यात एका डहाळीच्या टोकाशी तांदळाएवढा हिरवा कोंभ दिसला. मैनाबाईनं राणीला हाक मारली, आणि दोघी जणी त्या कोंभाकडे बघत बराच वेळ तिथेच बसल्या. पुढे झाड भरत गेलं. कळी धरली तेव्हा प्रधानाला ती कुंडी गावभर मिरवायची होती, पण मैनाबाईनं साफ नाही म्हटलं. कळी आली, की अनंताला जागेवरून हलवायचं नाही, हे आता तिला कळलं होतं. दरबारात नेलं-आणलं तेव्हा उरलीसुरली पानं कशी झडली होती, ते तिनं पाहिलं होतं.

इकडे सटवाजीचं काय झालं? गाव त्याला गळका कुंभार म्हणू लागलं. रांजण घ्यायला आलेला माणूस आधी बुडाशी बोटानं चाचपून बघे. सटवाजी निमूटपणे ऐकून घेई. त्याला ते फारसं लागतही नसे. लागत होतं ते वेगळंच होतं, आणि ते फक्त कोंडाबाईला ठाऊक होतं.

मग एके सकाळी फूल उमललं. पांढरंशुभ्र, तळहाताएवढं. वास महालातून सदरेवर आला, सदरेवरून अंगणात गेला. राणी स्वयंपाकघराकडे पाहत उभी राहिली आणि रडली. पण ते रडणं वाईट नव्हतं. राजानं सगळ्या गावाला बोलावलं. सटवाजीलाही मानानं पुढे बसवलं आणि म्हणाला, “आम्ही याला गळका म्हटलं. पण ज्या दिवशी याला दोष कळला, त्याच दिवशी यानं स्वतःच्या हातानं स्वतःचं काम फोडलं. असा खरा माणूस आपल्या राज्यात दुसरा नाही.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मैनाबाईनंही वाजवल्या. तिला टाळ्या वाजवताना सटवाजीनं पाहिलं, आणि मग त्याला बसवेना.

“महाराज, हे खोटं हाय,” तो उभा राहून म्हणाला. “मला कुंडी फोडली त्या दिशी कळलं न्हाई. मी फरशीवर आडवा पडून बूड पुसलं, त्याच येळंला कळलं हुतं. पेर वाजवलं आन् समदं समजलं. मी माजं नाव राखायला गप बसलो. माज्याम्होरं मैनाक्काला चोर ठरवलं, तरी गप बसलो. ती स्वताचं पानी ओतत हुती, तवर मी घरात बसून कारनं शोधत हुतो.”

टाळ्या थांबल्या. राजा म्हणाला, “मैनाबाई, याचा न्याय मी करू शकत नाही. तू सांग.”

मैनाबाई सटवाजीपुढे येऊन उभी राहिली. आळीतला माणूस, रोज तोंडासमोर असणारा. तिला राग आला होता आणि तिनं तो लपवला नाही.

“एकोनीस दिस,” ती म्हणाली. “एकोनीस दिस मी अर्द्या पान्यावर काडलं, सटवाभाऊ. रातीला घसा जळायचा. तुमास्नी ठावं हुतं आन् तुमी बोलला न्हाई.” मग ती म्हणाली, “एकोनीस दिस तुमच्या वाटचं अर्दं पानी माज्या दारात आनून द्या. सोता आना. आळीतनं चालत आना.”

सटवाजीनं मान खाली घालून होकार दिला.

आणि त्यानं आणलं. रोज सकाळी, सगळ्या आळीच्या देखत, तो अर्धा तांब्या हातात धरून मैनाबाईच्या दाराशी जाई. पहिल्या दिवशी दारादारात माणसं उभी होती. आठव्या दिवशी त्याचे ओठ फुटले. कोंडाबाईनं आपल्यातलं पाणी त्याच्यापुढे केलं, तर ते त्यानं घेतलं नाही. दहाव्या दिवसानंतर बघायला कोणी येईना. मैनाबाई रोज दार उघडी, तांब्या रिकामा करून घेई आणि दार लावी.

विसाव्या दिवशी सकाळी मैनाबाईनं दार उघडलं, तर सटवाजी पुन्हा समोर उभा. हातात तसाच अर्धा तांब्या.

“झालं की एकोनीस दिस,” ती म्हणाली. “आज का आलात?”

“आजचं कुनी सांगितलेलं न्हाई,” सटवाजी म्हणाला. “आजचं मी माजं आनलंय.”

मैनाबाईनं तांब्या घेतला. आत गेली, दोन पेले घेऊन आली आणि ते पाणी दोन्हींत सारखं ओतलं. एक त्याच्यापुढे केला.

“बसा,” ती म्हणाली. “प्या आदी.”

दोघं उंबऱ्यावर बसून पाणी प्यायले. त्यानंतर सटवाजी पुष्कळ वर्षं जगला, त्यानं पुष्कळ मडकी केली, आणि आपल्या हातून काही चुकलं तर ते तो त्याच दिवशी, त्याच जागी, मोठ्यानं सांगू लागला. त्याला पाहून प्रधानही तसं करायला शिकला, पण त्याला जरा जास्त वेळ लागला.

म्हणून, लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं लक्षात ठेवा: आपली चूक कळल्यावर नाव राखण्यासाठी जो गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्याची शिक्षा दुसरंच कोणीतरी भोगत असतं.